लसीचा खर्च कोणाच्या खाती?

अमेरिकेत स्थानिक आरोग्यखात्यांच्या दवाखान्यांत विमा उतरविलेल्यांनाही पुष्कळदा सरकारी खर्चाची लस टोचली जाई; हप्ते घेणारी विमा कंपनी मात्र मोकळी राही. २००९ पासून तेथील मध्यवर्ती रोगनियंत्रण संस्थेने या खात्यांना कंपन्यांकडे बिले पाठविण्याची व्यवस्था उभारण्यास साहाय्य केले. २०१० च्या कायद्याने शिफारस झालेल्या लसींचा खर्च बहुतेक खाजगी विम्यांवर बंधनकारक केला. तरीही कंपनीशी करार, विमापत्राची अचूक नोंद आणि जाणता कारकून यांवाचून वसुली होत नाही, हे व्यापारी बंधूंना सांगणे नलगे. ज्याचे देणे त्याच्याच खाती मांडावे. यात धर्मादायाचा संकोच नाही. वाचलेला पैसा विमा नसलेल्यांच्या कामी येतो. मात्र बिल मंजूर होवो वा न होवो, दारी आलेले बालक लसीवाचून परतता कामा नये.