घरची शाळा आणि गावचा पट

मुलांना शाळेत का घालत नाही, हा प्रश्न शहरातले स्नेही आम्हांला कौतुकाने विचारतात. गावात तोच प्रश्न काळजीने विचारला जातो. 'गुरुजींशी काही बिनसलं का?' असे शेजारच्या काकूंनी पहिल्याच वर्षी विचारले होते. या दोन सुरांतले अंतर समजायला आम्हांला तीन वर्षे लागली.

आमची थोरली येत्या उन्हाळ्यात सहा वर्षांची होईल, धाकटा चार वर्षांचा आहे. सकाळी गोठा, मग न्याहारी, मग तासभर वाचन आणि पाटी, एवढेच आमचे वेळापत्रक. आषाढात तेही मोडते. चिखलणी झालेल्या खाचरात तरवा कसा लावतात हे बांधावर बसून पाहणे हाच तेव्हाचा धडा. चार शेरांची पायली धान्य मोजताना थोरलीला चारचा पाढा आला; तो आम्ही शिकवला नव्हता. हे सारे खरे आहे आणि आनंदाचेही आहे. प्रश्न वेगळाच आहे.

घरच्या शिक्षणाचे समर्थन करताना पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) दाखला हटकून दिला जातो. आम्हीही तो देत असू. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, लोकांचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी गंगामूळच्या अरण्यात घर केले. पुढे तीर्थाटनाच्या काळात आईनेच रमाबाईंना शिकवले. दाखला भव्य आहे; पण तो आमच्या बाजूचा नाही. रमाबाईंच्या मातापित्यांनी शाळा नाकारली नव्हती. ते ज्ञान स्त्रियांना समाजानेच नाकारले होते. शिवाय मुलीला देण्याजोगे धन त्या घरात पिढीजात होते. ज्यांच्या घरी ते नव्हते, त्यांच्यासाठी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांना हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करावी लागली. शाळा नको म्हणण्याची मोकळीक मुळात ज्यांच्या घरात अक्षर आधीच पोचले आहे त्यांची आहे, हे आम्ही सोयीने विसरलो होतो.

दुसरा दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. भिंती त्यांनीही ओलांडल्या, निसर्ग त्यांनीही पाठ्यपुस्तक केला. पण सगळ्यांच्या मुलांपर्यंत पोचण्यासाठी. आम्ही भिंती ओलांडल्या त्या आमच्या दोघांपुरत्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला नजीकच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. आम्हांला अस्वस्थ केले ते कलमाने नव्हे, पटाने. गावची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी आहे. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात, आणि मुंबई-पुण्याकडे गेलेल्या कुटुंबांमुळे पट दरवर्षी उतरतो. गेल्या दिवाळीत गुरुजी घरी आले, मुलांची चित्रे मनापासून पाहिली, आणि निघताना एवढेच म्हणाले, 'एक नाव वाढलं असतं तर बरं झालं असतं.' त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते लागले.

संध्याकाळी शेजारची दुसरीतली मुलगी बालभारती घेऊन आमच्या ओटीवर येते. तिचे पाहून थोरलीही ओळीवर बोट ठेवून वाचते; उलट आमच्या फडताळातली पुस्तके ती मुलगी घरी नेते. कोण कोणाला शिकवते हे सांगणे कठीण.

सहा वर्षांपर्यंत मूल घर, शेत आणि ओढा यांच्या हाती असावे, हे आमचे मत आजही कायम आहे. त्यापुढे मात्र आपले मूल वाचवण्याच्या नादात गावची शाळा ओस पाडणे हा शिक्षणातला प्रयोग नव्हे. येत्या जूनमध्ये थोरलीचे नाव आम्ही गावच्या पटावर घालणार आहोत. शाळेत काही उणे असेल तर ते आतून बोलण्याचा अधिकार तेव्हा आम्हांला मिळेल. बाहेरून बोलत होतो तो अधिकार नव्हता, नुसती टीका होती. घरची शाळा संध्याकाळी भरेलच, आणि ओटी सर्वांना मोकळी राहील.