नदीचे मूळ आणि शब्दाचे कूळ

इंग्रजीत 'नाइस' हा शब्द जितका खपतो तितका क्वचितच दुसरा खपत असेल. चहा नाइस, हवा नाइस, शेजारीण नाइस, आणि शेजारणीचे कुत्रेही नाइस! आणि व्याकरणशास्त्र्यांच्या छड्याही त्यानेच भरपूर खाल्ल्या आहेत. निबंधात तो दिसला की लाल शाईची रेघ ठरलेली. कारण विचाराल तर एक कारण हमखास पुढे येते: "त्याचा खरा अर्थ तो नव्हे!"

हा 'खरा अर्थ' म्हणजे काय प्रकरण आहे, ते एकदा पाहूच.

जेन ऑस्टिनबाईंची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत हेन्री टिल्नी नावाचा एक हजरजबाबी पाद्री आहे. भोळी कॅथरीन एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते, तर हा विचारतो, म्हणजे बांधणी नीटस आहे वाटते? आणि वर ऐकवतो की, मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा यांनाच लावीत; आता वाटेल त्या गोष्टीची स्तुती त्यावरच भागते. कॅथरीन बिचारी ओशाळते. शुद्धिवाद्यांना आणखी काय हवे?

पण गंमत अशी की, टिल्नीचे 'मुळात' हेच मुळात चूक आहे! हा शब्द लॅटिन 'नेस्किउस' पासून निघाला. 'ने' म्हणजे न, आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. अर्थात अज्ञ, अडाणी. याच 'स्किरे'पासून 'सायन्स' निघाले, म्हणजे विज्ञान आणि 'नाइस' ही एकाच घरची भावंडे! जुन्या फ्रेंचमधून तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला, तो 'मूर्ख' या अर्थाने. पुढे तो उच्छृंखल झाला, चोखंदळ झाला, लाजरा झाला, नाजूक झाला, मग सूक्ष्म आणि काटेकोर झाला. आणि अठराव्या शतकात छानसा, गोड असा झाला. टिल्नीसाहेबांनी या प्रवासातले मधलेच एक स्टेशन पकडले, तेथे उतरले, आणि गाडी येथूनच सुटते असे जाहीर केले.

प्रत्येक शुद्धिवादी हेच करतो. मुळाची त्याला खरी चाड नसते. ती असती, तर कॅथरीनला त्याने 'पुस्तक मूर्ख आहे काय?' असे विचारले असते. त्याला हवा असतो आपल्या आवडीचा काळ, आणि समोरच्याला ओशाळे करण्याचा हक्क.

हसू नका, वाचकहो. आपल्याकडेही टिल्नींची वाण नाही. संस्कृतातला अर्थ काढून मराठी बोलणाराला गप्प करणारे पंडित प्रत्येक सभेत एक तरी असतोच. त्यांना माझा नम्र सवाल आहे. 'राग' म्हणजे संस्कृतात रंग आणि प्रेमही. तुम्ही रागावता तेव्हा प्रेमात पडता काय? धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीचा गुन्हा आहे. मग साहसी मुलांचे सत्कार कसे करता? 'शिक्षा' म्हणजे विद्या. मग न्यायाधीश आरोपीला विद्यादान करतो म्हणायचे काय? आणि 'गरीब' हा अरबीत परका, परदेशी. आपल्या गावातल्या गरिबाला मग परका ठरवाल?

याचा अर्थ कोणी कसेही बोलावे असा नव्हे. 'नाइस'वर एक आरोप मी मान्य करतो: जिथे तिथे तोच वापरला की नेमके काय आवडले ते सांगायचे राहून जाते. पण हा आरोप आळसाचा आहे, आणि तो बोलणारावर ठेवावा. त्यासाठी लॅटिनला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. शब्दाचे जरूर विचारावे. त्यासारखा आनंद नाही. मात्र मूळ सापडले म्हणून खालच्या गावांना 'तुमचे पाणी खोटे' असे सांगत सुटू नये. त्र्यंबकेश्वरी गोदावरी उगम पावते खरी. पण नांदेडकराची तहान नांदेडच्याच घाटावर भागते.