मास्तर होऊं पाहणाऱ्या पोरास वाट कोणीं सांगावी?

पाऊस वेळेवर येवो न येवो, जूनमध्यें जालन्याच्या कॉलेजांत प्रवेशाची गर्दी ठरलेली आहे. मंठा, परतूर, भोकरदन, घनसावंगी या बाजूंच्या एस.टी. गाड्या पोरांनीं भरून येतात. कोणी मस्तगडाकडे खोली पाहतो, कोणी नातलगाकडे उतरतो, आणि दुसऱ्या दिवशीं कॉलेजच्या खिडकीपुढें रांगेंत उभा राहतो. त्या रांगेंत ‘पुढें काय व्हायचें?’ म्हणून विचारून पाहा. पुष्कळ मुलें सांगतील, ‘मास्तर’. मुली तर जास्तच ठामपणें सांगतील. यांत नवल नाहीं. आमच्या शेतकऱ्यानें गांवांत महिन्याच्या महिन्यास येणारा पगार पाहिला तो बहुतकरून मास्तराचाच. परंतु मास्तर व्हायचें तर बी.ए.ला कोणते विषय घ्यावे, असें त्याच पोरास विचारलें तर तो शेजारच्या मित्राच्या तोंडाकडे पाहतो, आणि मित्रानें जे विषय लिहिले तेच आपणही लिहितो. तीन वर्षांची वाट अशी एका मिनिटांत ठरते!

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, हा सल्ला कॉलेजानें द्यावा, फॉर्म भरण्याच्या आधीं द्यावा, आणि लेखी द्यावा.

पूर्वीं मास्तर होणें सोपें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मुंबई इलाख्यांत वाट एक होती व ती दिसत होती. फायनल झाली, ट्रेनिंग कॉलेजांत गेला, मास्तर झाला. आज वाटा चार, आणि प्रत्येकीवरचे जकातनाके निराळे. पहिली ते पांचवीस शिकवावयाचें तर बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका पाहिजे, लोक तिला अजून डी.एड.च म्हणतात. सहावी ते आठवीस पदवी, आणि तिच्याबरोबर डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीस त्या विषयाची पदवी व बी.एड. अकरावी-बारावीस एम.ए. वा एम.एस्सी., आणि पुन्हां बी.एड. आहेच. पहिली ते आठवीच्या शिक्षकास शिवाय टी.ई.टी. नांवाची पात्रता परीक्षा. तिचे पेपर दोन, प्रत्येक १५० गुणांचा. ९० गुण पडले तर पास, राखीव प्रवर्गास ५५ टक्के. दुसऱ्या पेपरांत गणित-विज्ञान कीं सामाजिक शास्त्र, हें आधींच निवडावें लागतें. इतकें करून हातीं काय येतें? तर नोकरी मागण्याचा हक्क. नोकरीसाठीं २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी, आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलावरून भरती. ही चाचणी पहिल्यानें डिसेंबर २०१७ मध्यें झाली. दुसरी थेट २०२३ सालीं, तिसरी २०२५ मध्यें. मधल्या पांच वर्षांत ज्यांचीं वयें वाढलीं त्यांचा हिशेब कोणाच्या वहींत आहे?

आतां मंठ्याकडचा एक पोरगा समजा. बी.ए.ला त्यानें लोकप्रशासन आणि तसलेच आणखी विषय घेतले. कां, तर गाईड स्वस्त मिळतें आणि पेपर सोपा जातो. विषय वाईट नाहीं, परंतु शाळेच्या वेळापत्रकांत त्याचा तास नाहीं. जो विषय शाळेंत शिकवीतच नाहींत त्याच्या मास्तराची जागा निघणार कोठून? भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल यांच्याच जागा निघावयाच्या. हें त्याला बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळीं कळतें. तरी तो बी.एड. करतो. पूर्वीं तें एका वर्षाचें होतें, २०१५ पासून दोन वर्षांचें झालें. म्हणजे फी दोन वर्षांची, खोलीचें भाडें दोन वर्षांचें, आणि बापानें विकलेल्या बैलांचे पैसे पहिल्याच वर्षीं संपलेले. एवढ्यावर कोणी सांगतें कीं, ‘निदान चौथीच्या वर्गावर तरी लाग’. तर तें दारही बंद! २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें बी.एड.वाल्यांस प्राथमिक वर्गांकरितां पात्र ठरविलें होतें; ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें रद्द ठरविलें. न्यायालयाचें म्हणणें आम्हांस पटतें. लहान मुलांस शिकविणें हें निराळें कसब आहे व त्याचें शिक्षणही निराळें आहे. परंतु दरम्यान ज्यांनीं त्या अधिसूचनेच्या भरवंशावर दोन वर्षें घातलीं, त्यांना धोका असल्याचें एका तरी कॉलेजाच्या फळ्यावर लिहिलेलें कोणीं पाहिलें काय? हायकोर्टांत भांडण चालू होतें तेव्हांच हें सांगतां आलें असतें.

मास्तराच्या पोराला हें सारें जेवतां जेवतां कळतें. बाप म्हणतो, ‘इंग्रजी सोडूं नको, टी.ई.टी.चा फॉर्म निघाला आहे, एकदां पास झालास कीं तें प्रमाणपत्र आतां जन्मभर चालतें.’ ज्याच्या घरांत पहिलाच पोरगा कॉलेजची पायरी चढतो, त्याचा बाप कापसाचा व सोयाबीनचा भाव बरोबर सांगेल, मोसंबीला पाणी केव्हां तोडावें तें सांगेल, त्याला डी.एल.एड. आणि बी.एड. यांतला फरक विचारणें हा त्याचा अपमान आहे. बुद्धि दोघां पोरांची सारखीच. एकाला घरांत सल्लागार फुकट मिळाला, दुसऱ्याला तो विकत घ्यावा लागतो. आणि बाजारांत सल्ला विकणारे कसे असतात तें आम्ही पाहिलें आहे. २०१९-२० च्या टी.ई.टी.मध्यें गैरप्रकारानें पात्र ठरलेल्या ७,८७४ उमेदवारांवर परीक्षा परिषदेला २०२२ सालीं कारवाई करावी लागली. गुन्हा तो गुन्हाच, त्याची आम्ही तरफदारी करीत नाहीं. पण खरी वाट सांगणारा जेथें नसतो, तेथें दलालाचें दुकान चालतें.

कॉलेजवाले म्हणतील, ‘माहिती सगळी मोबाईलवर आहे’. आहे खरी. औषधांचीं नांवेंही मोबाईलवर असतात, म्हणून दवाखाना कोणीं बंद केला नाहीं. पोराला माहिती नको आहे; त्याचे गुण, त्याचा विषय, त्याच्या घरची ऐपत पाहून ‘तूं या वाटेनें जा’ असें सांगणारा माणूस हवा आहे. अमेरिकेंतहि शिक्षकाचा परवाना सरकार देतें. पण तेथील विद्यापीठांत शिक्षक होऊं पाहणाऱ्या मुलास विषय निवडतांनाच सल्लागार नेमून मिळतो. आमच्याकडे असा माणूस कागदोपत्रीं हजर आहे! नॅकची समिती यावयाची झाली कीं, इतक्या विद्यार्थ्यांमागें एक ‘मेंटॉर’ अशी यादी तयार होते, रजिस्टरांत सह्या पडतात. समिती गेली कीं रजिस्टर कपाटांत. आणि प्राध्यापकांस तरी किती बोल लावावा? निम्मा भार तासिका तत्त्वावरच्या तरुणांवर आहे. नेट-सेट होऊन जो स्वतःच तासावारी राबतो, पुढच्या जूनमध्यें आपण या कॉलेजांत असूं कीं नाहीं हें ज्याला ठाऊक नाहीं, तो दुसऱ्याच्या दहा वर्षांचा नकाशा कसा काढणार?

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरीवर्गांतले असावे, ते ट्रेनिंग घेतलेले असावे, आणि त्यांना १२ रुपयांहून कमी पगार नसावा, असें मागितलें आहे. खेड्यांतल्या मुलाची अडचण खेड्यांतून आलेल्या मास्तरालाच लवकर कळते, हा त्यांतील मुद्दा. सावित्रीबाई स्वतः नगरला व पुण्याला अध्यापनाचें शिक्षण घेऊन मग वर्गांत उभ्या राहिल्या. भाऊराव पाटलांनीं १९३५ सालीं साताऱ्यास ट्रेनिंग कॉलेज काढलें, कारण शाळा काढावयाच्या तर मास्तर आधीं घडविला पाहिजे हें त्यांनीं ओळखलें. आमच्या मराठवाड्याची तर गोष्टच निराळी; १९४८ पर्यंत निजामी अमलांत वरचें शिक्षण उर्दूंतून, आणि विद्यापीठ झालें तें १९५८ सालीं. म्हणून येथें कित्येक घरांत पहिला पदवीधर अजून व्हावयाचाच आहे.

नंतरच्या काळांत संस्थाचालकांनीं तालुक्या-तालुक्याला डी.एड.चीं विद्यालयें काढलीं. शिक्षक किती लागणार याचा हिशेब त्यांनींही केला नाहीं आणि सरकारनेंही केला नाहीं. पुढें २०१२ सालीं भरतीच थांबली. पोरें पदविका घेऊन शेतावर परतलीं, विद्यालयांत वटवाघळें आलीं. आतां २०२० च्या राष्ट्रीय धोरणांत लिहिलें आहे कीं, २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. होणार. आज बारावी झालेल्या पोरानें याचा विचार करावा कीं करूं नये, हें त्याला कोण सांगणार? आणि जो नोकरींत आहे तोही निश्चिंत नाहीं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांची सेवा पांच वर्षांहून अधिक उरली आहे अशा पहिली ते आठवीच्या शिक्षकांनीं दोन वर्षांत टी.ई.टी. पास व्हावें असें सांगितलें. टी.ई.टी. तरी वेळेवर होते काय? महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०२१ नंतरची पुढची परीक्षा झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्यें. तोंवर केंद्राची सी.टी.ई.टी. देतां येते, हें तरी किती जणांस माहीत होतें?

पगाराचेंही स्पष्ट सांगावें. पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून काढावीं लागतात. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकास महिना ६,००० रुपये मिळत, मग ते १६,००० झाले. हें आधीं कळलें तर ज्याला झेपेल तो येईल, ज्याला झेपणार नाहीं तो तरुणपणींच दुसरी वाट धरील. पंचविसाव्या वर्षीं रडत बसणार नाहीं.

जालना जिल्ह्यांतील प्रत्येक कॉलेजानें प्रवेशाच्या महिन्यांत एक टेबल मांडावें, त्यावर कायम नोकरींतला एक प्राध्यापक बसवावा, आणि कोणत्या विषयानें कोणत्या वर्गाचा मास्तर होतां येतें तें एका पानावर छापून फॉर्माबरोबर द्यावें. याला ना इमारत लागते, ना अनुदान. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा पोरगा वा पोरगी यंदा बारावी झाली आहे, त्यांनीं एक दिवस रोजगार बुडवून मुलाबरोबर जालन्यास यावें. खिडकीवर लाजूं नये. सही करण्यापूर्वीं विचारावें: हे विषय शाळेंत शिकवितात काय? यावर टी.ई.टी.चा कोणता पेपर देतां येईल? आणि कारकुनानें ‘मला माहीत नाहीं’ म्हटलें, तर कोणाला माहीत आहे त्याचें नांव व खोलीचा नंबर लिहून मागावा.