बांधकाम कामगारांसाठी हजारो कोटींचा निधी, मग तो नाक्यावरच्या मजुरापर्यंत का पोहोचत नाही?

कुठेही मोठी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या बांधकाम खर्चाच्या 1 टक्का रक्कम कामगारांसाठी बाजूला काढली जाते. हा उपकर, म्हणजेच सेस, 1996 च्या कायद्याने लागू झाला. त्यातूनच महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात.

काय मिळतं?

नोंदणीकृत कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती, प्रसूतीसाठी मदत, सुरक्षा संच असे लाभ मिळतात. कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख रुपये, तर नैसर्गिक मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये दिले जातात.

पैसे कमी पडतात का?

नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात निकाल दिला. तेव्हा देशभरात 37,400 कोटींहून अधिक सेस जमा झाला होता आणि त्यातले जेमतेम 9,500 कोटी खर्च झाले होते.

मग अडतं कुठे?

नोंदणीसाठी वय 18 ते 60 हवं आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. खरी मेख इथेच आहे. मोठ्या साइटवरच्या कामगाराला ठेकेदार दाखला देऊ शकतो. पण सकाळी नाक्यावर उभा राहणारा गवंडी किंवा बिगारी आज एका मुकादमाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असतो. त्याच्या 90 दिवसांवर सही कोण करणार? शिवाय मंडळं राज्यनिहाय आहेत. त्यामुळे दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या मजुराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

याची किंमत 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दिसली. राज्य सरकारने बांधकाम कामगारांच्या खात्यात थेट 2,000 रुपये जमा केले, पण फक्त नोंदणी असलेल्यांच्या.

नव्या कायद्याने काय बदललं?

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सेस कायम आहे. मात्र स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला असलेली सूट 10 लाखांवरून 50 लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. घर बांधणाऱ्या सामान्य कुटुंबाला यामुळे दिलासा मिळेल. पण नाक्यावरच्या अनेक मजुरांना काम मिळतं ते अशाच छोट्या बांधकामांवर, आणि ती आता सेसच्या कक्षेबाहेर जातील.

उपाय काय?

कामगाराने दाखला शोधत फिरण्याऐवजी मंडळाने नाक्यावर जाऊन नोंदणी करणं हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे सेस भरणाऱ्या प्रत्येक साइटला कामगारांची हजेरी ऑनलाइन देणं बंधनकारक करणं. असं झालं तर 90 दिवस आपोआप मोजले जातील आणि बोगस नोंदणीलाही आळा बसेल. कोणत्या इमारतीतून किती सेस आला, हे सरकारला कळतं. ती इमारत कोणी बांधली, याचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.