कासवासाठी किती देणार?

मागच्या महिन्यात अर्थशास्त्राच्या एका मैत्रिणीने फॉर्म पाठवला. प्रश्न एकच: समुद्रकासव वाचवण्यासाठी तुम्ही महिन्याला किती रुपये द्याल? मी फारसा विचार न करता १०० लिहिलं. बरं वाटलं. खिशातून मात्र एक रुपयाही गेला नव्हता.

त्या रविवारी मिसा सुटल्यावर तोच प्रश्न मी आमच्या वाड्यावरच्या होडीवाल्या अंकलना विचारला. ते हसले. म्हणाले, "जाळें कोण दितलो?" कासव जाळ्यात गुरफटलं की सोडवायला जाळंच कापावं लागतं. त्या दिवसाची मासळी जाते, वर जाळ्याचा खर्च. म्हणजे हा माणूस फॉर्म न भरताच पैसे देतोय!

लोकांना विचारून निसर्गाची किंमत काढायची पद्धत काही थट्टेची नाही. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजातून तेल सांडलं, तेव्हा नुकसानीचा अंदाज असाही काढला गेला. लोकांना कासव हवंय, एवढं त्यातून सरकारला कळतं. पण 'किती देणार?' याच्या जोडीला 'आज कोण देतंय?' हेही विचारायला हवं.

महाराष्ट्राने ते ओळखलं. डिसेंबर २०१८ पासून तिथे संरक्षित जलचराला सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गुजरातने व्हेल शार्कसाठी त्याआधीच असं केलं होतं. आपले १०० रुपये अशाच ठिकाणी जायला हवेत.

आणि किंमत फक्त पैशांत असते असंही नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे २०११ च्या किनारी नियमांत कासवांच्या विणीसाठी नोंदलेले आहेत. ऑलिव्ह रिडलेची मादी तिथे वाळूत शंभरेक अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी रात्री पिल्लं बाहेर येतात आणि जिकडे उजेड तिकडे धावतात. पूर्वी उजेड समुद्राकडे असायचा, आता तो शॅकच्या दिव्यांचा असतो. विणीच्या महिन्यांत किनाऱ्यावर थोडा अंधार, थोडं कमी संगीत, हीसुद्धा किंमतच. ती द्यायला आपण तयार आहोत का?

मैत्रिणीला मी सांगितलंय, पुढच्या फॉर्ममध्ये हाही प्रश्न घाल. आणि फॉर्म घेऊन एकदा आमच्या वाड्यावर ये.