सहावा हिस्सा

नाणेघाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने जकात टाकायची ती घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात, असं जुन्नरकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रांजण अजून तिथेच आहे. गोळा झालेल्या पैशावर राखणदारानेच हात मारला तर? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याला रोकडं उत्तर आहे: अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्याला रकमेचा सहावा हिस्सा, तो सरकारी नोकर असेल तर बारावा. खबर खोटी ठरली तर मात्र शिक्षा.

अमेरिकेने हाच मार्ग १८६३ मध्ये धरला, सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांमुळे. आज तिथे वसुलीतले १५ ते ३० टक्के तक्रारदाराला मिळू शकतात. न्यूयॉर्क शहराने २००५ साली असा स्वतःचा कायदाही केला.

आपल्याकडे उलटी गंगा. जुन्नर नगरपरिषदेतला किंवा घोडेगावच्या एखाद्या कार्यालयातला कोणी लाच मागत असेल, तर १०६४ वर फोन करता येतो. पण सापळ्यासाठी नोटा आणायच्या तक्रारदारानेच. पंचांसमोर त्यांचे नंबर टिपले जातात, अँथ्रासीनची पावडर लावली जाते, लाचखोराची बोटं अतिनील दिव्याखाली चमकतात. नोटा मुद्देमालात जातात. ती रक्कम पुढे परत मिळते, हे खरं. आधी उसनवारी करायची ती तक्रारदाराने. आणि लाच न मागता कागदोपत्रीच रस्ता झाला असेल, तर माहितीच्या अधिकाराचे दहा रुपये, पानामागे दोन रुपये, शिवाय गावातला वाईटपणा.

वाईटपणावर भागलं तरी नशीबच. याच जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाड्यात जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असता मारले गेले. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला. तो अजून अमलात नाही. त्यात बक्षीस नाहीच, जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद मात्र आहे. कौटिल्याचा अर्धाच भाग उचलला म्हणायचा!

बक्षिसाने खोट्या तक्रारींचं पेव फुटेल, ही भीती अगदीच पोकळ नाही. पण प्राप्तिकर खात्याने २०१८ च्या योजनेत तोड काढली आहे: खबऱ्याची ओळख गुप्त, त्याला सांकेतिक क्रमांक, आणि अंतिम बक्षीस कर वसूल झाल्यावरच. दडवलेल्या परदेशी संपत्तीसाठी ते पाच कोटींपर्यंत जातं. दिल्लीची तिजोरी भरणाऱ्याला कोटी मिळतात, तर मंचरच्या गटारीचं खोटं बिल पकडणाऱ्याला निदान बारावा हिस्सा द्यायला राज्य सरकारची हरकत काय? पैसे वसुलीतूनच जायचे आहेत.