वडिलांचा ट्रक

लहानपणी मला पत्र्याच्या गाड्या करायचा नाद होता. शेती अंगावर पडली आणि तो सुटला. चाळीस वर्षांनी यंदा पुन्हा हत्यारे काढली, ती वडिलांच्या ट्रकची प्रतिकृती करायला.

१९५४ पासून टेल्को डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवू लागली. १९६९ साली तो करार संपला. तोंडावरचा तारा जाऊन ‘टी’ आला. आमचा ट्रक ताऱ्याचा. त्या काळी कारखान्यातून बहुधा सांगाडाच येई, हौदा इकडचे सुतार बांधत. त्यामुळे एकासारखा दुसरा नसे. बाजारच्या खेळण्यात आमचा ट्रक कुठून मिळणार?

माप सोपे धरले : एका फुटाला अर्धा इंच. १४ फुटी हौदा ७ इंचांचा झाला. लाकूड पांगाऱ्याचे, पत्रा तेलाच्या डब्याचा. चाकांना बाटलीची बुचे लावली आणि फसलो. ४० इंची टायरला पावणेदोन इंचांच्या आतबाहेर चाक हवे. बुचे सव्वा इंचाची. ट्रक बसका दिसू लागला. शेवटी जुन्या चपलेचा तळ कापला.

वडील गेले, ट्रकचा फोटो एकही नाही. आठवणीने हौद्याला चार फळ्या मारल्या. आई म्हणाली, “तीनच होत्या रे. चौथी मी चुलीत घातली. तुझ्या बारशाला सरपण ओलं होतं.”

चौथी फळी काढली.

आता रंग राहिला. हिरवा की निळा, यावर आई आणि आत्याचे भांडण चालू आहे. तुम्हीही असे काही करणार असाल, तर म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. लाकूड उद्याही मिळेल.